नोराच्या गाण्यांतलं काही काढायचं नाही

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे डीजे?" दुबईत अठ्ठावीस वर्षं काढली तरी हा प्रश्न काही सुटलेला नाही. माझ्या नणंदेनं तिच्या मुलाच्या मुंजीत भर मांडवात "या आमच्या डीजे वहिनी" अशी माझी ओळख करून दिली होती, आणि दोन जणांनी लगेच मला हळदीच्या कार्यक्रमाची तारीख विचारली. म्हणून आधी धंदा काय तो सांगते.

आवाज टिपणं, तो स्वच्छ करणं आणि लोकांना ऐकता येईल असा करून देणं, हे माझं काम. सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्न होऊन इथे आले आणि कॉन्फरन्सना माइक-स्पीकर भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीत चिकटले. पहिली काही वर्षं वक्त्यांच्या कोटाला छोटा माइक अडकवण्यातच गेली. त्या कामाला बाई आली की मोठमोठे मॅनेजिंग डायरेक्टर श्वास रोखून छताकडे बघत उभे राहायचे. "मॅडम, इंजिनिअर किधर है?" असं विचारणारेही असायचे. मी सांगायचे, इंजिनिअर आपके कोट में हाथ डाल के खडी है.

हळूहळू गाण्यांची कामं मिळू लागली आणि धंद्यातली मुख्य गोष्ट मला तिथे कळली. ती अशी, की शांतता नावाची वस्तूच नसते. बंद खोलीलाही आवाज असतो. अमिरातीत तर तो बारा महिने असतो, कारण इथे प्रत्येक भिंतीमागे एसी चालू असतो. माणसाचे कान त्याला सरावतात. माइक सरावत नाही. माझी निम्मी हयात तो आवाज काढण्यात गेली, आणि काढता काढता हाताला अशी सवय लागली की खोकला, श्वास, खुर्चीची करकर, पानं उलटल्याचा आवाज, काही दिसलं की काढून टाकायचं. कंपनीत मला "फिनाइल" म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

उलटं कामही केलंय. आमच्या ओळखीचे एक मसाल्याचे व्यापारी आहेत, साताऱ्याकडचे. त्यांच्या साठीच्या भाषणाचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. ते ऐकून त्यांचा फोन आला, की भाषण झकास आलंय, पण टाळ्या कमी वाटतात. मी म्हटलं, जेवढ्या पडल्या तेवढ्या आहेत. ते म्हणाले, "ताई, लोकांच्या हातात प्लेटा होत्या हो. मनातून वाजवत होते." मग एका क्रिकेटच्या बक्षीस समारंभातल्या टाळ्या आणून मी त्यांच्या भाषणाला जोडल्या. ते अजून दर दिवाळीला मला चिवडा पाठवतात.

नोराचं काम मात्र मी अभिमानानं सांगू शकत नाही. निदान त्याचा पहिला भाग नाही.

नोरा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. नवरा टॉम फुजैराच्या बंदरात पायलट, म्हणजे बाहेरून आलेलं जहाज बंदराच्या आत नीट आणून लावणारा माणूस. ती तिथल्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. फुजैरा म्हणजे आमच्या दुबईकरांच्या लेखी डोंगरापलीकडचं शांत गाव. समुद्रात तेल भरायला थांबलेली जहाजं, टाक्या, आणि एकमेकांना नावानं ओळखणारी मोजकी परदेशी कुटुंबं. नोराला तिच्या आईकडून आलेली शंभरेक जुनी गाणी पाठ होती. काही इंग्रजीत, बरीचशी त्यांच्या आयरिश भाषेत. नदीत बुडालेल्या नावाड्याच्या बायकोचं गाणं, बोटीनं परदेशी गेलेल्या मुलीचं गाणं, शेजाऱ्यानं कोंबडी चोरली म्हणून त्याला सात पिढ्यांचे शाप देणारं गाणं. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही, अशी. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं.

सात-आठ वर्षांपूर्वी ती दोघं दुबईत अल कूझ भागातल्या, मी काम करायचे त्या स्टुडिओत आली. वयं सत्तरीकडे झुकलेली. नोराला बारा गाणी रेकॉर्ड करायची होती, साथीला काही नाही, नुसता गळा. तिनं काचेच्या आतल्या खोलीत दोन खुर्च्या मागितल्या. एकीवर ती, शेजारच्या खुर्चीवर टॉम. गाणं सुरू झालं की टॉम तिचा उजवा हात आपल्या हातात धरायचा आणि दोघांचे हात हळूहळू गोल फिरत राहायचे. तो मधूनमधून काहीतरी पुटपुटायचा, एखाददुसरा शब्द. त्यांच्याकडे गाणाऱ्याला असं म्हणतात, त्याचा अर्थ शाब्बास, किंवा देव तुझ्या पाठीशी आहे, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मला हेडफोनमधून काय ऐकू येत होतं? खुर्ची करकरत होती. टॉमच्या शर्टाची बाही घासत होती. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, जिथे नोराचा सूर विरत जायचा नेमका तिथेच, एका म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज यायचा.

दोन गाणी तशी रेकॉर्ड झाल्यावर मी आत गेले आणि अगदी गोड आवाजात टॉमला म्हणाले, की तुम्ही माझ्याबरोबर बाहेर बसाल का, काचेतून सगळं दिसतं. तो लगेच उठला. सॉरीसुद्धा म्हणाला. माझ्या बाजूच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून चार तास बसला. आत नोरा एका हातात दुसरा हात धरून गायली. पहिली दोन गाणी तिनं पुन्हा म्हटली.

अल्बम सुरेख झाला. म्हणजे माझ्या हिशेबानं सुरेख. एक श्वास जास्तीचा नाही. नोरानं आभार मानले, घरी केलेला फळांचा केक दिला. टॉमनं गाडीत बसताना मला एवढंच म्हटलं, "फार स्वच्छ झालंय." मी थँक यू म्हटलं.

त्यानंतर पाचेक वर्षांनी एका सकाळी नोराचा फोन आला. नोराशी माझं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, इथे मराठीत लिहिते. आधी तिनं माझी, माझ्या नवऱ्याची, मुलीची चौकशी केली. मग सांगितलं, की टॉम गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. त्याला सात महिने झाले. पुढे म्हणाली, "सुनीता, त्या दिवशीची पहिली दोन गाणी तुझ्याकडे असतील ना? टॉम आत बसला होता ती. त्याचे फोटो भरपूर आहेत माझ्याकडे. आवाज कुठेच नाही."

मी म्हटलं, बघते.

अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमशेजारी एक छोटी स्टोअर रूम आहे. तिथे माझ्या जुन्या हार्ड डिस्क खोक्यांत आहेत, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. दोन दिवस मी जमिनीवर बसून एकेक लावून पाहिली. एका व्यापारी प्रदर्शनातल्या तीन भाषांतल्या सूचना मी जपून ठेवल्या होत्या. लिफ्ट कुठे आहे, नमाजाची खोली कुठे आहे. साताऱ्याच्या मसालेवाल्यांचं भाषण होतं, खोट्या टाळ्यांसकट. टॉम नव्हता. मला आधीपासूनच माहीत होतं. काम संपल्यावर नको असलेले टेक, म्हणजे न वापरलेली रेकॉर्डिंगं, पुसून जागा मोकळी करायची माझी शिस्त होती, आणि ते टेक मीच, त्याच संध्याकाळी, पुसले होते.

माझा नवरा श्रीकांत कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यातला, व्यवहारी माणूस. तो म्हणाला, डिस्क खराब झाली असं सांग, तिलाही बरं वाटेल आणि तुलाही. मी तशी तयारीही केली होती. पण फोनवर ते तोंडातून निघेना. शेवटी त्याच शनिवारी त्याला म्हटलं, मला फुजैराला सोड. डोंगरातल्या बोगद्यांतून आम्ही दीड-पावणेदोन तासांत पोचलो. तो गाडीतच थांबतो म्हणाला.

नोराच्या दिवाणखान्यात अर्धी खोकी बांधून झाली होती. मी बसायच्या आधीच सांगितलं, की ते टेक मी पुसले. डिस्क वगैरे काही बिघडलं नव्हतं. टॉमचा आवाज मला कचरा वाटला होता.

नोरा स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देताना म्हणाली, "तो अल्बम टॉमनं एकदाच ऐकला. मी पण. त्यात मी कुणासाठी गातेय ते कळतच नाही."

मी मान खाली घालून चहा प्यायले. दुसरं काय करणार.

मग तिनं सांगितलं, की डिसेंबरात ती हे घर सोडून कायमची गावी परत चालली आहे. त्याआधी शाळेच्या हॉलमध्ये ओळखीच्या लोकांना बोलावून एकदा गायचंय आणि त्याचाच लाइव्ह अल्बम करायचाय. रेकॉर्डिंग मी करावं असं तिच्या मनात होतं. मी विचारलं, अजूनही मीच? तर म्हणाली, "तूच. आता तुला माहीत आहे. एकच अट. यावेळी काही काढायचं नाही."

हॉल शाळेचा, दीडशे खुर्च्यांचा, आणि एसी असा की डोळे मिटले तर विमानात बसल्यासारखं वाटावं. नोराची अट मान्य होती, पण ती माणसांच्या आवाजाबद्दल होती. त्या घरघरीखाली तिचा बारीक सूर सापडलाच नसता. इमारतीच्या मॅनेजरला मी विचारलं, गाण्याच्या वेळी एसी बंद ठेवता येईल का. तो म्हणाला, पब्लिक असताना बंद करता येत नाही, नियम आहे, खलास.

तेव्हा शिडीवरून एक माणूस खाली उतरला. पन्नाशीचा, बारीक, खिशात टेस्टर. मॅनेजर निघून गेल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तुमी मराठी काय?" मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते ते त्यानं ऐकलं होतं. दिगंबर सावंत, देवगडजवळच्या एका गावचा, बावीस वर्षं अमिरातीत एसी मेकॅनिक. कुटुंब गावी. मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी हॉलभर एक चक्कर मारली, एसीच्या दोन झरोक्यांपुढे हात धरून पाहिला आणि हिशेब मांडला. सकाळपासून हॉल अगदी गार करून ठेवायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी हवा फेकणारा पंखा बंद करायचा. माणसं भरलेली असली तरी गारवा दहा-बारा मिनिटं टिकेल. गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, की पुन्हा चालू. मॅनेजरला त्यांनीच गाठून पटवलं, की पंखा थोडा वेळ थांबतो, एसी बंद होत नाही, आणि मी स्वतः तिथे उभा असेन. मॅनेजर इन्शाल्ला म्हणाला. दिगंबर मला म्हणाले, "आता झाला समजा. तुमी नुसतो हात वर करा. मी बगतंय."

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम ठेवला. नोराबरोबर साथीला ब्रेंडन नावाचा गणिताचा मास्तर होता, तो फिडल, म्हणजे त्यांच्याकडचं व्हायोलिन, वाजवायचा, आणि त्याची बायको आपल्या डफासारखं एक कातड्याचं वाद्य वाजवायची. फुजैराच्या दमट हवेनं त्याचं कातडं सारखं ढिलं पडत होतं, म्हणून ती बिचारी दर दोन गाण्यांनी बाहेर उन्हात जाऊन ते तापवून आणत होती. मी माइक लावले. एक नोरापुढे, एक फिडलपुढे, आणि यावेळी दोन श्रोत्यांकडे तोंड करून. आजवर श्रोत्यांचे माइक मी फक्त टाळ्यांपुरते उघडत असे. त्या दिवशी ते पहिल्यापासून उघडे ठेवले. माझं टेबल हॉलच्या डाव्या भिंतीला, स्टेजपासून आठ-दहा पावलांवर. चपला काढून टेबलाखाली ठेवल्या. रेकॉर्डिंग चालू असताना मी कायम अनवाणी असते.

स्टेजवर नोराच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची होती. तिच्यावर पाण्याची बाटली आणि शाल. ब्रेंडनच्या बायकोनं ती हलवायचं म्हटलं तर नोरा नको म्हणाली. मला कारण माहीत होतं.

सव्वाशे माणसं आली. बंदरातले लोक, हॉस्पिटलमधल्या नर्सेस, नोराचे जुने विद्यार्थी, त्यातले काही आता दाढीवाले. उम्म सालेम नावाच्या एक अमिराती बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या चारही मुलांना नोरानं वाचायला शिकवलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, की एसी मध्येमध्ये थांबेल, थोडं उकडेल, माफ करा. आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच असं वाक्य बोलले, की खोकला आला तर खोका.

कार्यक्रम रंगला. कोंबडीचोराच्या गाण्याला लोक हसून हसून पुढचे शाप आधीच ओरडू लागले. परदेशी गेलेल्या मुलीच्या गाण्यात एक लांबलचक भोंगा झाला, समुद्रातल्या जहाजाचा. नोरा थांबली नाही, तिनं तो सूर तेवढा धरून ठेवला, आणि लोकांना वाटलं मुद्दामच केलंय. मी हात वर केला की मागच्या दाराशी उभे असलेले दिगंबर बटण दाबत होते. घरघर थांबली की हॉलमध्ये लोक आपोआप पुढे सरकून बसायचे, हे मी प्रथमच पाहिलं.

शेवटचं गाणं नावाड्याच्या बायकोचं होतं, आयरिश भाषेतलं. साथ नाही. नोरानं आधी दोन वाक्यांत गोष्ट सांगितली. मी हात वर केला. पंखा थांबला.

पहिलं कडवं तिनं म्हटलं. दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीत ती थांबली.

शब्द विसरली असं लोकांना वाटलं असणार. किंवा गाण्यातच अशी जागा असेल असं. कुणी हललं नाही. पण माझ्या कानांवर हेडफोन होते, आणि त्यात मला एक बारीक आवाज ऐकू येत होता. लाकडावर बोटं. तिचा उजवा हात शेजारच्या खुर्चीवर, शालीच्या बाजूला पडला होता आणि बोटं काहीतरी शोधत होती. ब्रेंडननं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मशीन बंद करू का असं मी खुणेनं विचारेन.

चालू रेकॉर्डिंगमध्ये टेबल सोडून उठायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आवाज अचानक वाढला तर तो सांभाळायला हात जागेवर लागतो. मी तो नियम नव्या मुलामुलींना शिकवत आले आहे. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की त्या हाताला धरणारा माणूस एकदा मीच तिथून उठवला होता.

हेडफोन टेबलावर ठेवले आणि गेले. पाण्याची बाटली खाली ठेवली, शाल मांडीवर घेतली, खुर्चीवर बसले आणि नोराचा हात धरला. गार होता, घामानं ओलसर. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हात मात्र घट्ट धरला. एक मोठा श्वास घेतला आणि गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

आणि हात फिरायला लागला. मी फिरवत नव्हते, तीही फिरवत नव्हती. लहानपणी विट्याजवळ आत्याच्या गावी सुट्टीत गेले, की ती जात्याचा खुंटा मला धरायला द्यायची आणि वरून आपला हात ठेवायची. माझा जोर काहीच नसायचा, पण जातं दोघींनी ओढल्यासारखं फिरायचं. अगदी तसंच. आत्या कोणती ओवी म्हणायची ते आठवत नाही. पण आवाज वर चढला की हाताला कसा हिसका बसायचा ते त्या हॉलमध्ये, अनवाणी बसलेली असताना, माझ्या मनगटाला आठवलं.

तिसऱ्या कडव्यात नोरानं एक जागा घेतली. बाईला किनाऱ्यावर वल्हं सापडतं, ती जागा. सूर खाली येत येत असा काही वळला की माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. मोठ्यानं नाही. पण माइक हातभर अंतरावर होता आणि आयुष्यभर इतरांचे असे आवाज पुसत आलेली मी, त्या क्षणी शरमेनं गोठलेच. नोरा हसली. गाता गाता माणूस हसला तर ते आवाजात ऐकू येतं. पुढच्या ओळीनंतर मागून कुणीतरी म्हाताऱ्यानं त्यांचा तो शब्द म्हटला, टॉम म्हणायचा तोच. मग पहिल्या रांगेतून उम्म सालेम हळूच म्हणाल्या, "या सलाम," म्हणजे अरबीतलं वाहवा. गाणं शेवटाकडे चाललं तसे हे शब्द कुठून कुठून येत राहिले, पण एकही शब्द दुसऱ्यावर पडला नाही. सगळ्यांना आपापली जागा माहीत असल्यासारखं.

गाणं संपल्यावर टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पंखाही लगेच सुरू झाला नाही. दिगंबर बटणाजवळच उभे होते, बाहीनं तोंड पुसत. नंतर मला म्हणाले, घाम होता. त्या हॉलमध्ये उकडत होतं हे खरंच आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

घरी येऊन ऐकलं तर भीती होती ते झालंच होतं. टेबलावर कुणी नसल्यामुळे शेवटच्या कडव्यात, नोराचा आवाज सगळ्यात वर जातो तिथे, तो फाटला आहे. दोन ठिकाणी चरचर येते. मी जागेवर असते तर आली नसती. रेकॉर्डिस्ट म्हणून ते मला आजही टोचतं, आणि कुणी जाणकार ऐकत असला की त्या जागेच्या आधी मी उठून पाणी आणायला जाते.

मी नोराला फोन केला. म्हटलं, अट अटच आहे, पण निदान तुम्ही थांबलात तेवढा भाग आणि माझं ते "वा" काढू का? पहिल्या ओळीपासून तुम्ही परत गायलातच आहात, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "थांबलेलंही राहू दे. थांबले होते ना मी." आणि वा? तर म्हणाली, ते काढलंस तर मी तुला कोंबडीचोराचे सगळे शाप देईन.

त्यामुळे अल्बममध्ये सगळं आहे. जहाजाचा भोंगा, खुर्च्या, नर्सेसचं हसणं, डफ तापवायला जाताना दार वाजलेलं, लाकडावरची बोटं, माझी पावलं. माझी मुलगी ईशा हेडफोन लावून ऐकत होती, मध्येच ओरडली, "आई, यू आर ऑन द अल्बम!" मी म्हटलं, आहे खरी. माझ्या नावावर शेकडो रेकॉर्डिंग आहेत. माझा आवाज असलेलं हे एकच. दिगंबरनी ते फोनवर घेऊन ठेवलंय आणि गावी बायकोला पाठवलंय. तिनं विचारलं म्हणे, की ही कुणाच्या लग्नातली गाणी. ते म्हणाले, आमच्या हॉलातली.

टॉमचा आवाज गेला तो गेलाच. अधूनमधून वाटतं, की एखादी विसरलेली डिस्क कुठेतरी असेल. नाहीये. मी आता कुणाचेच टेक पुसत नाही. स्टोअर रूममध्ये खोकी वाढत चालली आहेत आणि श्रीकांत कुरकुरतो. कुरकुरू दे.

नोरा डिसेंबरात गेली. तिच्या खेड्यात दर गुरुवारी दुपारी चारदोन माणसं एका दुकानाच्या मागच्या खोलीत जमून जुनी गाणी म्हणतात. पूर्वी म्हणे दहा-बारा असायची, कमी होत होत चारावर आली होती. नोरा त्यांच्यात जाऊ लागली. अल्बम तिनं तिथे ऐकवला. मग कुणाची सून यायला लागली, कुणाची नात. आता खुर्च्या कमी पडतात, असं ती मागच्या महिन्यात फोनवर सांगत होती.

त्या दिवशीच तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारच्या गावातली एक शाळकरी पोरगी पहिल्यांदाच चारचौघांत गायली. घाबरत घाबरत गायली, पण एका जागी तिचा सूर छान वळला. खोलीत एक मेंढपाळ असतो, पासष्टीचा, कधी तोंड न उघडणारा. तो डोळे मिटून बसला होता. तो म्हणाला, "वा."

"मी शिकवलं नव्हतं," नोरा म्हणाली. "आता सगळेच म्हणतात. परवा कुणीतरी मला विचारलं, हा आपल्याच भाषेतला जुना शब्द आहे का."

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"हो म्हटलं."